दहाच्या तारा काढल्या आणि नेक उलटी वळली

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ठाण्यात चार दिवस ऊन दिसलं नव्हतं तेव्हा, वरच्या मजल्यावरचा मुलगा गिटार घेऊन खाली आला. "काका, ट्रस रॉड अजून किती कसू?" हा त्याचा पहिला प्रश्न. ट्रस रॉड म्हणजे गिटारच्या नेकच्या, म्हणजे मानेच्या, आत बसवलेली लोखंडी सळई; नेक किती वाकावी ते तिने ठरतं. गिटारला काय होतंय ते त्याने सांगितलंच नाही. आजार त्याने स्वतःच ठरवून टाकला होता, माझ्याकडे फक्त डोस विचारायला आला होता.

गिटारदुरुस्ती हा माझा धंदा नाही. स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या गिटारा लावून देतो, आणि प्रत्येकीची मापं एका वहीत टिपून ठेवतो. हे प्रकरण त्या वहीतलं आहे. ते सविस्तर लिहायचं कारण म्हणजे ट्रस रॉडच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या एकाच गिटारवर ओळीने झाल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या चुका तेव्हा चुका नव्हत्याच.

गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट धाटणीची, जुनी घेतलेली. मेपलची नेक, वर बोटं दाबायची शिसवीची पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड, त्यावर २२ फ्रेट म्हणजे धातूचे पडदे, वरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत (तानपुऱ्याची घोडी असते तिथे) तारेची वाजती लांबी, म्हणजे स्केल, २५.५ इंच. रॉडचं तोंड खुंट्यांच्या टोकाकडे, म्हणजे हेडस्टॉककडे, चार मिलिमीटरची एलन की (षटकोनी किल्ली) लागते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: गिटारवर 'नट' नावाच्या दोन वस्तू असतात आणि त्यामुळे बोलताना हमखास घोळ होतो. तारा ज्या खाचांतून जातात त्या पांढऱ्या पट्टीला मी नट म्हणेन, आणि रॉडच्या टोकाला जे फिरवायचं असतं त्याला बोल्ट.

वाजवून पाहिली. पहिल्या पाच फ्रेटवर सगळ्याच तारा खरखरत होत्या, मधल्या दोन जास्त. मोकळ्या ताराही स्वच्छ नव्हत्या. उलट बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा इतक्या उंच की दाबताना बोटाखाली गादी असल्यासारखं वाटावं. शिवाय ट्यूनरवर मोकळ्या तारा बरोबर दिसत असूनही वरच्या बाजूला धरलेला कॉर्ड बेसूर. खाली खरखर आणि वर उंच तारा ही जोडी एकत्र दिसली की मला नेकपेक्षा मालकाचा इतिहास आधी विचारावासा वाटतो. गिटार आपली आपण सहसा अशी होत नाही. तिला कुणीतरी टप्प्याटप्प्याने तिथवर नेलेलं असतं.

मुलाची आजी गाते, घरात मिरजेचा तानपुरा आहे. नातू वर बसून वाजवायचा तेव्हा ती म्हणाली होती, "तुझ्या गिटारची जवारी उतरलीय." आजीचं निदान तिच्या जगात अगदी बरोबर होतं. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा मुद्दाम असा घासतात की तार त्यावर किंचित घासत वाजावी. सुताचा दोरा पुढेमागे सरकवून ती जवारी खुलवतात. गिटारमध्ये मात्र तार एकीकडे नट किंवा दाबलेला फ्रेट आणि दुसरीकडे ब्रिजवरचा तुकडा (सॅडल) सोडून मधे आणखी कशालाही शिवली की तो बिघाड. कारण शोधायचं तर तार नेमकी कुठे शिवते तेच शोधायचं असतं.

चहा घेता घेता इतिहास निघाला. गिटार आली तेव्हा तिच्यावर नऊचा सेट होता, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचांची आणि जाड तार ०.०४२ची. जानेवारीत कॉलेजच्या बँडमधल्या कुणीतरी सांगितलं की आवाज 'भरदार' हवा तर दहाचा सेट लाव. लावला. तारा उंच वाटायला लागल्या, म्हणून एका दुकानात दिली. तिथे त्यांनी रॉड कसला, नटच्या खाचा जाड तारांसाठी रुंद केल्या, ब्रिजला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंगचे स्क्रू आवळले. ही तिन्ही कामं दहाच्या तारांसाठी योग्यच होती आणि जूनपर्यंत गिटार छान चालली. जूनमध्ये बोटं दुखतात, तार ओढली जात नाही म्हणून यानं परत नऊचा सेट लावला. त्याच संध्याकाळी खरखर सुरू. ऐकीव सल्ला मिळाला, "बझ येतो? रॉड कस." त्याने पाव फेरा कसला. खरखर वाढली. अजून पाव कसला. मग कंटाळून ब्रिजची सॅडल वर केली, तेव्हा खरखर वरच्या फ्रेटवर थांबली आणि खाली तशीच राहिली. आणि आता तो विचारत होता, अजून किती कसू.

इथे ताणाचा हिशेब मांडला की प्रकरण उलगडतं. या स्केलवर नेहमीच्या सुरात लावलेला १०-४६चा सेट नेकला साधारण ४६ किलोच्या जोराने ओढतो. ९-४२चा सेट साधारण ३८ किलोने. तारा नेकला पुढे, स्वतःकडे वाकवतात. आत बसवलेला रॉड तिला मागे ढकलतो. दुकानदाराने ४६ किलोच्या विरुद्ध तोल साधला होता. एका संध्याकाळी समोरचे आठ किलो गायब झाले आणि रॉड तेवढाच आवळलेला राहिला. रस्सीखेचीत एका बाजूच्या दोन गड्यांनी हात सोडावेत तसं झालं. नेक मागे गेली, म्हणजे मधला भाग तारांच्या दिशेने वर आला. याला मी उलटा बाक म्हणतो. त्यात याने आणखी अर्धा फेरा कसला.

हे सगळं मी ऐकलेल्या गोष्टीवरून मनाशी जुळवलं होतं. माप अजून घेतलेलं नव्हतं, आणि मापाआधी किल्ली हातात घ्यायची नाही हा माझा एकमेव कडक नियम.

आधी ब्रिजचं ठरवलं. हलक्या तारांमुळे मागच्या स्प्रिंग जिंकल्या होत्या आणि ब्रिज अंगाला टेकून बसला होता. ब्रिज हलवून सूर डुलवायचं हँडल मुलगा कधीच वापरत नाही, त्यामुळे ब्रिज तसाच टेकलेला राहू दिला. तरंगता करण्यात अर्धा दिवस गेला असता आणि उपयोग शून्य. मग तारा सुरात लावल्या. नेकचं माप नेहमी तारा सुरात असताना आणि गिटार मांडीवर, वाजवायच्या स्थितीत धरून घ्यायचं. टेबलावर पाठीवर झोपवलेली, नेकखाली पुस्तक ठेवलेली गिटार खोटं बोलते.

रूढ पद्धत अशी: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावा, जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. ताणलेली तार म्हणजे फुकटची सरळ पट्टी. फेंडरच्या मापांत ९.५ ते १२ इंच त्रिज्येची गोलाई असलेल्या फिंगरबोर्डला ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर फट सांगितलेली असते. इतकी तरी फट का हवी? तार मध्यभागी सगळ्यात जास्त हलते, टोकाला कमी. नेक अगदी सरळ ठेवली तर त्या हालचालीला जागा उरत नाही. फट मोजायला मी गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तोच फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, वापरतो.

इथे फट नव्हतीच. आठव्या फ्रेटवर तार दाबून पाहिली, ती खाली जाईना, आधीच टेकलेली. पण उलट्या बाकाला ही पद्धत आंधळी असते. तार टेकली एवढंच कळतं, किती उलटा ते कळत नाही. म्हणून ४५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी मधल्या दोन तारांमध्ये कडेवर उभी करून फ्रेटवर ठेवली आणि गिटार ट्यूबलाइटसमोर धरली. पट्टी सहाव्या-सातव्या फ्रेटवर सी-सॉसारखी डुलत होती. बॉडीकडचं टोक दाबलं की हेडस्टॉककडच्या टोकाखालून उजेडाची बारीक फीत दिसे. पहिल्या फ्रेटवर फिलर गेजची ०.३० मिलिमीटरची पात सहज आत गेली. मुलाला ते डुलणं स्वतःच्या बोटाने करून बघायला लावलं. तिथे त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "म्हणजे मी उलट्या बाजूला..." आणि थांबला.

वहीत त्या दिवशीची नोंद: उलटा बाक, पट्टीने ०.३०. बाराव्या फ्रेटवर जाड तार २.८ मिमी, बारीक २.४. दुसरी तार (बारीक बाजूने मोजून) मोकळी खरखरते.

रॉड तारांची उंची कमी-जास्त करण्यासाठी नसतो, एवढं एक डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. रॉड कसला की उंची बदलते हे खरं, पण तो दुय्यम परिणाम आहे, आणि तोही मधल्या फ्रेटवर जास्त. उंची सॅडलने ठरते. सुरुवातीच्या फ्रेटवरची उंची नटच्या खाचांनी. रॉडकडे फक्त नेकचा बाक. या तिघांची कामं अदलाबदल केली की हे असं चक्र सुरू होतं: रॉडने खरखर आणली, ती लपवायला सॅडल वर, सॅडल वर गेल्यामुळे तार दाबताना जास्त ताणली जाऊन सूर चढला, आणि मालक म्हणतो गिटारच बेसूर आहे.

या लोखंडी सळईचा मूळ हेतूही इतकाच होता. गिब्सन या गिटार कंपनीच्या अमेरिकेतल्या कलामाझू इथल्या कारखान्यात काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यूला तिचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. त्याआधी नेक वाकू नये म्हणून ती जाडजूड करायची, हा नेहमीचा उपाय. फेंडर कंपनी काढणाऱ्या लिओ फेंडरला सुरुवातीला वाटलं की कठीण मेपलला सळईची गरज नाही. १९५०च्या अगदी पहिल्या एस्क्वायर गिटारांत ती नव्हती, आणि ती त्याच वर्षी घालावी लागली. पुढे बरीच वर्षं फेंडरचा बोल्ट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असायचा. तशा गिटारवर पाव फेरा द्यायचा तर नेक उघडा, फिरवा, परत बसवा, सुरात लावा, मोजा, आणि चुकलं की परत पहिल्यापासून. वरच्या टोकाला बोल्ट आल्यामुळे काम सोपं झालं. इतकं सोपं की आता ते कुणीही करतं.

मुलाने ज्या किल्लीने रॉड कसला ती ऑनलाइन मागवलेल्या स्टडी टेबलासोबत आलेली होती. माप बरोबर, चारचंच. पण त्या किल्ल्या मऊ लोखंडाच्या असतात आणि टेबल जोडतानाच त्यांचे कोपरे झिजतात. बोल्टच्या तोंडातला कचरा टूथपिकने काढला तर आतल्या सहापैकी दोन कडा गोल व्हायला लागल्या होत्या. अजून एक-दोन जोरकस प्रयत्न झाले असते तर किल्ली नुसती फिरत राहिली असती. बोल्टचं तोंड गेलं किंवा रॉड तुटला तर दुरुस्तीसाठी फिंगरबोर्ड उपटावा लागू शकतो. या किमतीच्या गिटारला त्यापेक्षा चार स्क्रू काढून दुसरी नेक बसवणं स्वस्त. इंचाच्या बोल्टात मिलिमीटरची किल्ली घालणं हीही तोंड घालवायची लोकप्रिय पद्धत आहे: बऱ्याच अमेरिकन फेंडरना १/८ इंच, म्हणजे ३.२ मिमीची किल्ली लागते, घरात तीनची असते, आणि ती 'बसते' असं वाटतं.

चांगली, नवी चारची किल्ली पूर्ण खोल दाबून बसवली. बोल्टवर आणि शेजारच्या लाकडावर समोरासमोर पेन्सिलची एकेक रेघ मारली, म्हणजे कुठून निघालो ते विसरायला नको. हेडस्टॉककडून बोल्टकडे पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने सैल. जोर लावला तरी हलेना. मग कट्ट असा आवाज झाला. मुलगा दचकला, खरं सांगायचं तर दरवेळी मीही दचकतो. आवळून बसलेला बोल्ट सुटताना असा आवाज करतो. फिरवताना नंतर हलकं लागलं तर सगळं ठीक. सैल करताना आवाज आला तर मी पुढे जातो. कसताना आला तर थांबतो.

पाव फेरा सैल. तारा परत सुरात, कारण नेक पुढे आली की सूर उतरतो. दहा मिनिटं गप्पा. पट्टी ठेवली, अजून डुलत होती पण कमी. आणखी पाव. आता डुलणं थांबलं, पट्टीखाली एकसारखा अंधार. इथे त्याने कसलेला अर्धा फेरा परत झाला होता. पण तारा नऊच्या होत्या आणि दुकानदाराचं कसणं दहाच्या तारांचं, त्यामुळे अजून थोडं सोडावं लागणार हे उघड होतं. आणखी पाव सोडला. कॅपो लावून मोजलं: ०.१०. ते पाव मिलिमीटरपेक्षा बरंच कमी, आणि मुलगा म्हणाला, "अजून एकदा फिरवू?" मी किल्ली खिशात टाकली.

लाकडाला वेळ द्यावा लागतो. महिनाभर उलटी वाकवून ठेवलेली नेक बोल्ट फिरवल्याबरोबर जेवढी यायची तेवढी येते आणि उरलेलं रात्रभरात येते. गिटार सुरात ठेवून स्टँडवर उभी केली. सकाळी परत सुरात लावून मोजलं तर ०.२०. रात्री अजून पाव फेरा दिला असता तर सकाळी तारा दोरीवरच्या कपड्यांसारख्या लोंबल्या असत्या असं नाही, पण परत कसावं लागलं असतं, आणि त्या झिजलेल्या तोंडावर मला एकही जादा फेरा नको होता. ०.२० वर सोडलं. पुस्तकी पाव मिलिमीटरसाठी हट्ट केला नाही. हा मुलगा तारा हलक्या हाताने छेडतो.

मग सॅडल खाली घेतली. बाराव्या फ्रेटवर जाड तार १.८, बारीक १.५, मधल्या फिंगरबोर्डच्या गोलाईला धरून. खरखर गेली. दाबून वाजवलेली प्रत्येक तार स्वच्छ. फक्त दुसरी तार मोकळी वाजवली की अजून करकरत होती, आणि पहिल्या फ्रेटवर दाबली की स्वच्छ.

ही खूण पक्की असते: मोकळी खराब आणि दाबलेली चांगली म्हणजे दोष नटमध्ये. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर फट आहे का पाहायचं. केसाएवढी तरी हवी. बाकी पाच तारांना होती, दुसरी सपाट टेकलेली. जानेवारीत खाच ०.०१३ इंचाच्या तारेसाठी रुंद केलेली, त्यात आता ०.०११ची तार तळाशी जाऊन बसली होती आणि वर दोन्हीकडे मोकळी जागा. जगातला कुठलाही रॉड हे दुरुस्त करू शकत नाही, पण लोक नेमका अशाच वेळी रॉड सैल करत जातात आणि नेकची धनुकली करून ठेवतात.

नवा हाडाचा नट बसवणं हा खरा उपाय. तात्पुरता उपाय स्वयंपाकघरात असतो. खाचेच्या बाजूंना चिकटपट्टी लावली, खाचेत चिमूटभर खायचा सोडा टूथपिकने दाबून भरला आणि त्यावर फेविक्विकचा एक थेंब टाकला. हलका धूर निघतो, वास नाकात जातो, आणि क्षणात तो सोडा दगडासारखा होतो. त्याच्यात गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरखरीत तारेने नवी खाच कोरली, खुंट्यांकडे किंचित उतार ठेवून. दर चार-पाच घासांनी तार बसवून पाहायची. या कामात घाई केली की परत सोडा. मी केली, परत सोडा लागला. दुसऱ्यांदा जमली.

शेवटी सूर. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं हलकं शिवून निघणारा स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर सारखे येईपर्यंत सॅडल पुढेमागे. उंची कमी झाल्यावरच याला अर्थ असतो, म्हणून ते शेवटी. जाड तारेचं सॅडल बरंच मागे घ्यावं लागलं, बाकीची थोडी थोडी. वरचे कॉर्ड जुळले.

आठवड्याने तो परत आला. चौदाव्या फ्रेटवर पहिली तार ओढली की आवाज मधेच मरतो. यावेळी प्रश्न विचारायच्या आधी त्याने स्वतः कॅपो लावून मोजून आणलं होतं: ०.२०, जसंच्या तसं. म्हणजे नेक जागेवर आहे. हा प्रकार फिंगरबोर्डच्या गोलाईचा. ९.५ इंच त्रिज्येवर बारीक तार ओढली की ती कडेच्या उतारावरून मधल्या उंचवट्याकडे चढते आणि पुढच्या फ्रेटला टेकते. त्याने सॅडलच्या स्क्रूची दीड मिलिमीटरची किल्ली मागितली, रॉडची चारची नाही. पहिलं सॅडल १.७ वर घेतलं, दुसरं तेवढ्याच बेताने, आणि सूर परत तपासला. तेवढ्याने भागलं.

पावसाळ्यात लावलेल्या गिटारचा निकाल मी पावसाळ्यात धरत नाही. नेकच्या पाठीवर लॅकर असतो, शिसवीवर नसतो. दमट-कोरडी हवा एका बाजूने आत-बाहेर जाते आणि नेक हलते. कोणती किती आणि कुणीकडे, ते त्या त्या नेकला मोजूनच कळतं. ऑक्टोबरच्या उन्हाचा कडाका संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, परत बोलावलं. फट ०.३२ झाली होती. तारा सैल केल्या, हेडस्टॉक हाताने अलगद मागे धरून बोल्ट अष्टमांश फेरा कसला, म्हणजे तोंडावर जोर कमी येतो. दुसऱ्या दिवशी ०.२२. पेन्सिलची जुनी रेघ पुसली नाही, शेजारी नवी मारली आणि तारीख वहीत लिहिली. नटमधला सोडा अजून धरून आहे, हाडाचा तुकडा आणून ठेवला आहे.